गाठ शिकवतो तसे पाऊलही शिकवावे

गेल्या मोसमात एका साहस शिबिराचा समारोप झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच प्रस्तरारोहणाच्या कड्याखाली परत गेले होते. वरच्या अँकरला, म्हणजे दोर अडकवण्याच्या पक्क्या आधाराला, लावलेली एक स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे कडे) काढायची राहून गेली होती, एवढेच निमित्त होते. मुले घरी गेली होती आणि दोन दिवस आरोळ्यांनी दुमदुमणारा कडा अगदी गप्प उभा होता. त्या शांततेत माझे लक्ष प्रथमच खाली, जमिनीकडे गेले. आम्ही आलो तेव्हा तिथे घोट्याला लागेल एवढे गवत होते, दगडांच्या सांधींत नेचे होते आणि कातळाच्या सावलीच्या अंगाला शेवाळाचा मऊ थर होता. आता तिथे चोपणीने चोपल्यासारखी माती होती, नेच्यांची पाने चुरगळून तिच्यात मिसळली होती आणि ज्या दोन मार्गांवर मुले चढली होती, तिथले शेवाळ बुटांनी खरवडून निघाल्यामुळे कातळाचा पांढुरका पट्टा उघडा पडला होता. कागदाचा एक कपटाही मात्र कुठे दिसत नव्हता, कारण मुलांनी सगळा कचरा मन लावून उचलला होता आणि निघण्यापूर्वी निसर्गरक्षणाची प्रतिज्ञाही खड्या आवाजात म्हटली होती.

एका दगडावर बसून मी हिशेब केला. मुले २२, प्रत्येकाच्या सरासरी सहा चढाया, आणि प्रत्येक चढाईसाठी पायथ्याशी एक येणे व एक जाणे, म्हणजे २६४ फेऱ्या झाल्या. त्यांत बिले देणाऱ्यांची, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणाऱ्यांची, नुसतेच बघायला गर्दी करणाऱ्यांची आणि आम्हा प्रशिक्षकांची पावले धरलेली नाहीत. शिबिराच्या अहवालात मी आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते की, सर्व मुले फिगर ऑफ एटची, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी, गाठ न चुकता बांधू लागली आहेत आणि त्यांच्यात निसर्गाविषयी आस्था निर्माण झाली आहे. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी स्वतः तपासला होता. दुसरा अर्धा भाग तपासण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते, आणि तरीही तो मी तितक्याच निःशंकपणे लिहिला होता.

साहस शिक्षणात ही विसंगती आली कुठून, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या उगमाकडे पाहावे लागते. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ आणि लॉरेन्स होल्ट हे जहाज कंपनीचे मालक यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोव्ही येथे पहिली आउटवर्ड बाउंड शाळा सुरू केली, तेव्हा युद्ध चालू होते आणि टॉर्पेडोने बुडवलेल्या जहाजांवरील तरुण खलाशी जुन्याजाणत्या खलाशांपेक्षा लवकर धीर सोडतात, ही होल्ट यांची चिंता होती. प्रशिक्षण समुद्रासाठी असण्यापेक्षा समुद्राच्या माध्यमातून असावे, असा त्यांचा आग्रह होता. विचार थोर होता आणि त्यातून पुढे जगभर जे उभे राहिले, त्यावर माझ्यासारख्या अनेकांचे आयुष्य घडले. परंतु माध्यम म्हटले की ते वापरण्याची वस्तू होते, हेही मान्य केले पाहिजे. समुद्र, कडा आणि नदी ही माणसाचे चारित्र्य घडवण्याची उपकरणे ठरली, आणि व्यायामशाळेतल्या वजनांची विचारपूस कोणी करत नाही, तशी त्या उपकरणांची विचारपूस करण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

ते दिसले ते प्रामुख्याने पॉल पेट्झोल्ट यांना. १९३८ च्या के-टू शिखरावरील अमेरिकी मोहिमेतील हे गिर्यारोहक आउटवर्ड बाउंडच्या कोलोराडो शाळेत काम केल्यानंतर १९६५ मध्ये वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल स्थापन करते झाले. मोहिमेतील वर्तन हा त्यांच्या शिकवणुकीचा आवडता विषय होता, आणि त्या वर्तनात तंबूतल्या सोबत्याशी कसे वागावे इथपासून वाटेत भेटणारे इतर गट, तिथले स्थानिक रहिवासी आणि त्या भूमीची व्यवस्था पाहणारे लोक यांच्याशी असलेल्या संबंधांपर्यंत सारे काही येत असे. पुढे या संस्थेने अमेरिकेच्या वनसेवेबरोबर केलेल्या कामातून लीव्ह नो ट्रेस (मागे खूण न ठेवता निसर्गात वावरणे) हा शिक्षणक्रम आकाराला आला आणि १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. त्याची सात तत्त्वे आज बहुतेक प्रशिक्षकांना पाठ असतात. मलाही होती. पाठ असणे आणि अंगी असणे यांतले अंतर त्या सकाळी कड्याखाली पसरलेले होते.

इथे जरा थांबून त्या चोपलेल्या मातीबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण तिचे शास्त्र आपल्या सहजबुद्धीच्या नेमके उलट आहे. डेव्हिड कोल आणि नील बेफिल्ड या संशोधकांनी १९९३ मध्ये तुडवणुकीचा परिणाम मोजण्याची एक प्रमाण पद्धत मांडली. दीड मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असे पट्टे आखायचे, एका पट्ट्यावर अजिबात चालायचे नाही, दुसऱ्यावर २५ वेळा चालायचे, पुढच्यांवर ७५, २०० आणि ५०० वेळा, आणि नंतर वनस्पतींचे आच्छादन किती उरले ते मोजायचे, ते पुन्हा वर्षभरानेही मोजायचे. अशा अभ्यासांतून वारंवार दिसून आलेली गोष्ट अशी की, वापर दुप्पट झाला म्हणून नुकसान दुप्पट होत नाही. नुकसानीचा मोठा वाटा पहिल्या थोड्या फेऱ्यांतच उरकतो. त्यानंतर मोडण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. वनस्पतीची ठेवणही महत्त्वाची असते. ज्या गवतांचे वाढीचे टोक जमिनीलगत असते ती बरीच तुडवणूक सोसतात, तर झाडांच्या सावलीत उभ्या वाढणाऱ्या मऊ, रुंद पानांच्या वनस्पती आणि नेचे थोड्याशा पावलांनीही झोपतात. आमच्या कड्याखाली आधी नेचे गेले आणि गवताचे काही ठोंब मात्र तग धरून राहिले, त्याचे कारण हेच होते.

यातून निघणारा व्यवहार दुहेरी आहे. जिथे वाट किंवा मुक्कामाची जागा आधीच उघडी पडलेली आहे, तिथे सर्वांनी तेवढ्याच जागेत, तेवढ्याच वाटेवर राहावे, मग वाट चिखलाची असली तरी तिच्या मधूनच जावे. कडेने गेले की वाट रुंदावते आणि वर्षभरात एकीच्या तीन वाटा होतात. जिथे माणसाच्या वावराची खूणच नाही, तिथे मात्र एका रांगेत न जाता विखरून चालावे, शक्यतो कातळ, वाळू किंवा सुके गवत यांवरून, जेणेकरून एकाही ठिकाणी वाट पडण्याइतकी पावले पडणार नाहीत. सर्वांत टाळण्यासारखी जागा या दोन्हींच्या मधली, म्हणजे जिथे झिजण्यास नुकती सुरुवात झाली आहे अशी. ती रिकामी सोडली तर भरून येते आणि आपण तिथे उतरत राहिलो तर कायमची उघडी पडते. आम्ही निवडलेली जागा नेमकी तशीच होती, आणि गर्दीच्या नेहमीच्या कड्यापासून मुलांना दूर, निवांत ठिकाणी नेले म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो.

स्वतःच्या चुकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक जुनी चूक कबूल करते. प्रशिक्षक म्हणून माझी सुरुवातीची वर्षे होती तेव्हा तंबूभोवती चर खणणे ही उत्तम शिबिरकलेची खूण मानली जाई. आम्हांला आमच्या वडीलधाऱ्यांनी तेच शिकवले होते आणि आम्ही मुलांकडून तेच करून घेत होतो. उताराच्या कडेला असलेल्या एका मैदानावर मी आठ तंबूंभोवती असे चर खणवून घेतले. पुढच्या वर्षी तिथे गेले तेव्हा आठांपैकी वरच्या बाजूच्या दोन चरांतून पावसाचे पाणी वाट काढत थेट उताराकडे गेले होते आणि हातभर खोल घळ पडली होती. त्या काळच्या कापडी तंबूंना जमिनीचा तळ नसे, तेव्हा त्या चराला काही अर्थ होता. तळ शिवलेले तंबू आले, चर खणण्याचे कारण गेले, चर मात्र राहिला. कौशल्ये अशी कारणाच्या पश्चातही जगतात. म्हणून मुलांना कृती शिकवताना तिच्यामागचे कारणही शिकवावे, म्हणजे उद्या कारण नाहीसे झाले तर ती कृती सोडून देण्याची मोकळीक त्यांना राहते.

आता गाठीकडे वळते. गाठ आम्ही कशी शिकवतो, ते पाहिले तर काळजी कशी शिकवावी याचे उत्तर तिथेच सापडते, असे मला वाटू लागले आहे. गाठीविषयी आम्ही भाषण करत नाही. आम्ही ती एकदा सावकाश बांधून दाखवतो, मग मुले बांधतात, चुकतात, सोडवून पुन्हा बांधतात. सोबती ती तपासतो, त्यानंतर प्रशिक्षक तपासतो, आणि मग त्या गाठीवर खरोखर शरीराचा भार पडतो. गाठीवर तुमचा विश्वास आहे काय, असे कोणी विचारत नाही आणि गाठीची प्रतिज्ञाही कोणी घेत नाही.

हीच पद्धत मी शौचाच्या खड्ड्यापासून सुरू केली. विषय काढताच पंधरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये जी खसखस पिकते, तिला दहा मिनिटे द्यावी लागतात. त्यानंतर ती ओसरते आणि मुले कमालीच्या गांभीर्याने कामाला लागतात. खड्डा पाण्यापासून, पायवाटेपासून आणि मुक्कामापासून किमान ६० मीटर दूर असावा, तो १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा, कारण सेंद्रिय द्रव्य कुजवणारे बहुतेक सूक्ष्मजीव मातीच्या वरच्या थरात असतात आणि फार खोल पुरलेली विष्ठा तशीच पडून राहते, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. करायला मात्र पाऊण तास लागतो. प्रत्येक जण मोजपट्टीवर आपले पाऊल मोजतो आणि ६० मीटरला स्वतःची किती पावले लागतात ते काढतो. माझी सुमारे ८० होतात. मग ओढ्यापासून तेवढी पावले चालत जाऊन जागा निवडायची, खुरप्याने खणायचे, खोली मोजायची, भरून वर पालापाचोळा पसरायचा आणि सोबत्याला ती जागा शोधायला लावायची. त्याला सापडली नाही, तर गाठ बरोबर बसली. अति थंड किंवा वाळवंटी प्रदेशात आणि हिमनद्यांवर मात्र हा उपाय अनेकदा चालत नाही, कारण तिथे कुजण्याची क्रियाच अतिशय मंद असते. अशा वेळी सगळे पिशवीत भरून परत न्यावे लागते. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते.

भांडी धुण्याचेही तसेच. साबणाच्या वेष्टनावर तो निसर्गात विघटित होतो असे छापलेले असले, तरी ते विघटन मातीत व्हायचे असते, ओढ्यात नव्हे. त्यामुळे पाणी भांड्यात भरून ओढ्यापासून ६० मीटर दूर आणायचे, शक्य असेल तिथे साबण टाळायचा, उष्टे पाणी फडक्यातून गाळायचे, गाळलेले अन्नकण पिशवीत घालायचे आणि पाणी एका जागी न ओतता लांबवर शिंपडायचे. उन्हापासून किंवा डासांपासून बचाव करणारे मलम अंगाला फासून लहानशा डोहात उतरायचे नाही, हेही याच ओघात येते. बुटांच्या तळव्यांची गोष्ट बहुतेकांना नवीन असते. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाच्या महावृक्षांना मारणारा एक सूक्ष्म रोगजंतू मातीतून पसरतो, म्हणून तिथल्या जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासून निर्जंतुक करण्याची सोय केलेली असते. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी तळव्यांतली माती आणि बिया झाडून काढण्याची सवय त्यासाठीच लावावी.

तरीही या सगळ्या गाठी बांधूनसुद्धा काहीतरी उणे राहते. माणूस ज्या वस्तूला ओळखत नाही तिची काळजी तो नियम म्हणून घेईल, पण नियम सांगणारे दूर गेले की त्याचा हात सैल होतो. या उणिवेवर आउटवर्ड बाउंडच्या परंपरेतच एक उपाय आहे, तो म्हणजे सोलो. मोहिमेच्या मध्यावर शिबिरार्थीला सुरक्षित टप्प्यात एकटे बसवायचे, पूर्वी दोन-तीन दिवसही बसवत असत. आमच्या तीन दिवसांच्या शिबिरात ते शक्य नाही, म्हणून मी एक तास देते आणि सोबत १२० सेंटिमीटरची एक स्लिंग. ही लांबी कडे दुहेरी धरून मोजलेली असते, म्हणजे त्याचा घेर २४० सेंटिमीटर. ती जमिनीवर गोल मांडली की पाऊण मीटर व्यासाचे एक वर्तुळ तयार होते. त्या वर्तुळात जे जे आहे ते लिहायचे किंवा काढायचे, नावे ठाऊक नसली तरी चालेल. पहिली पंधरा मिनिटे मुले अस्वस्थ असतात आणि कागदावर माती, दगड, गवत एवढेच उमटते. अर्ध्या तासानंतर यादी लांबू लागते.

कड्याच्या पायथ्याशी, जिथे कातळाच्या छपरामुळे पाऊस पोहोचत नाही अशा कोरड्या भुशभुशीत धुळीत, एका मुलीला अशाच एका तासात नरसाळ्यासारखे खड्डे दिसले. त्यांच्या तळाशी सिंहमुंगीची अळी दडून बसलेली असते आणि उतारावरून घसरणाऱ्या मुंगीवर खालून वाळू उडवून तिला आणखी खाली पाडते. त्या मुलीने तासातली पस्तीस मिनिटे एकाच खड्ड्यावर घालवली. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की कोरडी, सपाट, सावलीची म्हणून सॅक आणि दोर टाकायला आम्ही इतकी वर्षे नेमकी तीच पट्टी निवडत आलो आहोत.

कडा निर्जीव असतो, ही समजूत चढाई करणाऱ्यांत खोलवर रुजलेली आहे. कॅनडातील नायगरा कड्यावर डग्लस लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या मोरपंखीच्या जातकुळीतल्या खुरट्या झाडांच्या वाढीची वलये मोजायला घेतली, तेव्हा मनगटाएवढ्या जाडीची वाटणारी झाडे शेकडो वर्षांची निघाली आणि काही तर हजार वर्षांच्या आसपास पोहोचली. माती जवळजवळ नाही, पाणी तुटपुंजे, त्यामुळे वाढ अतिशय संथ. आणि आग व कुऱ्हाड पोहोचत नसल्यामुळे आयुष्य प्रदीर्घ. नवा मार्ग साफ करताना मध्ये येणारे असले एखादे झुडूप उपटून फेकणे हे चढाई करणाऱ्याच्या लेखी दोन मिनिटांचे काम असते. मीही ती दोन मिनिटे कधीतरी घालवली आहेत. उपटलेले झाड किती वर्षांचे होते ते मोजण्याचे तेव्हा सुचले नव्हते. शिकारी पक्षी कड्यावर घरटी करतात त्या काळात त्यांच्या जवळपासचे मार्ग बंद ठेवण्याची पद्धत अनेक देशांतल्या गिर्यारोहकांनी आपणहून स्वीकारली आहे, ही यातली दिलासा देणारी बाजू.

एवढी काळजी असेल तर मुलांना डोंगरावर नेताच कशाला, असा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लुईस चावला यांनी नॉर्वे आणि अमेरिकेतील केंटकी येथील पर्यावरण कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आपल्या निष्ठेचे मूळ सांगताना त्यांच्यापैकी अनेकांनी बालपणी निसर्गात घालवलेला काळ आणि निसर्गाकडे लक्षपूर्वक पाहणारे कुटुंबातले कोणी मोठे माणूस या दोन गोष्टींचा उल्लेख केला. अर्थात ज्यांचे बालपण तसेच गेले पण जे पुढे कार्यकर्ते झाले नाहीत, त्यांच्या मुलाखती त्यात घेतलेल्या नव्हत्या, ही त्या पुराव्याची मर्यादा मी विसरत नाही. तरीही दुसऱ्या गोष्टीवर माझे मन अडकते. मुलांना केवळ डोंगरावर नेऊन भागत नाही. त्यांच्या शेजारी डोंगराकडे पाहत थांबणारे कोणीतरी असावे लागते. बिलेच्या दोरावर डोळे खिळलेल्या दोन प्रशिक्षकांना २२ मुलांमध्ये ते साधत नाही. एका गटात दहा मुले असतील तर साधते, असा माझा अनुभव आहे. गट लहान केला की खर्च वाढतो, हे आयोजकांचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे चतुर उत्तर नाही. समारोपाच्या दिवशी घाईघाईने लावली जाणारी आणि छायाचित्रानंतर विस्मरणात जाणारी रोपे तेवढी वगळली, तर त्यांचा खर्च वाचेल, एवढेच सुचवते.

या मोसमात आम्ही त्याच डोंगरावर गेलो, पण दहा जण आणि दुसऱ्या बाजूला, जिथे कड्याचा पायथा उघड्या कातळाचा आहे. जुन्या जागी गवत परतले होते. नेचे अजून नव्हते. चढाईपूर्वी सोबत्याने करायच्या तपासणीत हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), गाठ, बिलेचे उपकरण आणि कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, कुलूप या चार गोष्टींना आता पाचवी जोडली आहे, ती म्हणजे आपण आणि आपले सामान कशावर उभे आहे ते पाहणे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोराकडे जाताना एका मुलाने मला अडवले आणि संकोचाने म्हणाला, ‘‘ताई, तुमची पाचवी राहिली.’’ माझी सॅक कातळाच्या खोबणीतल्या शेवाळावर टेकलेली होती. मी ती उचलून उघड्या दगडावर ठेवली, त्याने वाकून शेवाळाकडे पाहिले आणि मग आपली गाठ तपासायला माझ्यासमोर धरली.